बेडसोअर: मलम शोधण्याआधी दाब काढा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर जखम दिसली की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘यावर लावायचं काय?’ खरं तर आधी विचारायला हवं की हा माणूस या जागेवर किती वेळ पडून असतो. ही जखम बाहेरून काही लागून झालेली नसते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि मांस तासन्‌तास चेपलं जातं, तिथलं रक्त थांबतं आणि तो भाग मरायला लागतो. दाब तसाच राहिला तर महागातलं महाग ड्रेसिंगही वाया जातं. दाब पूर्ण काढला तर सलाईनने ओल्या केलेल्या साध्या गॉजखालीही पुष्कळ जखमा भरून येतात.

मायकेल कोसियाक यांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की थोडा वेळ पडलेला मोठा दाब आणि बराच वेळ राहिलेला कमी दाब, दोन्हींनी मांस मरतं. म्हणून मऊ गादी आहे म्हणून रुग्णाला हलवलं नाही तरी चालेल, हा हिशेब चुकतो. दुसरी गोष्ट, सर्वात आधी मरतो तो हाडाला लागून असलेला स्नायू. वर रुपयाएवढं भोक दिसतं तेव्हा आत कातडीखाली तळहाताएवढी पोकळी असू शकते.

जखम कोणत्या टप्प्यात आहे

लालसर डाग दिसला की त्यावर बोट तीन सेकंद दाबून धरा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरतं आहे. लालीच हटली नाही तर तो पहिला टप्पा, आणि बाकी सगळं सोडून त्या जागेवरचा भार त्याच क्षणी काढायचा. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने शेजारच्या कातडीशी तुलना करा: जागा जास्त गरम किंवा गार लागते का, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का, रुग्णाला तिथे हात लावलेला दुखतो का. सावळ्या रुग्णांमध्ये पहिला टप्पा हुकतो तो याच कारणाने, म्हणून ही तपासणी उरकून टाकायची नाही.

दुसऱ्या टप्प्यात वरची कातडी सोललेली असते किंवा पाण्याचा फोड असतो. तळ गुलाबी, ओला, उथळ. तिसऱ्यात कातडी पूर्ण जाऊन खालची चरबी दिसते. चौथ्यात स्नायू, स्नायूबंध किंवा हाड उघडं पडतं. जखमेचा तळ पिवळट चिकट थराने किंवा काळ्या खपलीने झाकलेला असेल तर टप्पा ठरवता येत नाही. तो थर निघेपर्यंत जखम तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचीच धरून चालायचं. आणखी एक प्रकार फसवतो. कातडी फुटलेली नसते, पण जागा जांभळी किंवा रक्ताळलेल्या फोडासारखी दिसते. आतलं मांस आधीच मेलेलं असतं आणि काही दिवसांत ती जागा एकदम खोल उघडते. असा जांभळा डाग दिसला तर ‘मुका मार असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

रोज निदान एकदा, अंग पुसताना, या जागा पाहायच्या: माकडहाड आणि त्याच्या वरचा भाग, दोन्ही टाचा, खुबे, घोटे, बसल्यावर टेकणारी नितंबांची हाडं, खांद्याची पाती, कोपर, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या. नळ्यांच्या खालची कातडी मात्र दिवसातून दोनदा बघा. ऑक्सिजनची नळी कानामागे, नाकातली नळी नाकपुडीच्या कडेला आणि कॅथेटर (लघवीची नळी) मांडीखाली आला तर तिथे जखम करतो.

दाब काढण्याची पद्धत

अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. चांगल्या एअर मॅट्रेसवर, कातडी ठणठणीत असेल तर, हे अंतर थोडं वाढवता येतं. पण कूस बदलल्यावर जुन्या जागेची लाली अर्ध्या तासातही गेली नाही, तर आताचं अंतर त्या रुग्णासाठी जास्त आहे आणि ते कमी करायला हवं. वेळ आणि कूस लिहायचा कागद पलंगाजवळच लावा: उताणे, डावी, उजवी. लक्षात ठेवून हे काम होत नाही, विशेषतः रात्री माणसं बदलतात तेव्हा. जखम असलेली कूस या चक्रातून पूर्ण वगळायची. माकडहाडावर जखम आहे, तर उताणं झोपवणं फक्त जेवणापुरतं.

कुशीवर म्हणजे पूर्ण ९० अंशांत आडवं करू नका. त्याने सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो, आणि तिथे फारच कमी मांस असतं. अंग फक्त ३० अंश कलवायचं. रुग्ण डावीकडे कलवायचा असेल तर:

१. पलंगाचा डोक्याकडचा भाग आधी सपाट करा. तो उंच ठेवून वळवलं तर कातडी घासते.
२. रुग्णाच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी दुमडलेली चादर ठेवलेली असावी. दोघांनी दोन बाजूंनी ती अंगालगत गुंडाळून घट्ट धरा आणि उचलून रुग्णाला आधी पलंगाच्या उजव्या कडेकडे सरकवा. उचलायचं, ओढायचं नाही.
३. उजवा गुडघा वाकवा, उजवा हात छातीवर घ्या, खांदा आणि कंबर एकाच वेळी डावीकडे वळवा.
४. उजव्या पाठीमागे खांद्यापासून कंबरेपर्यंत एक उशी तिरकी सारा, म्हणजे अंग अर्धवट टेकेल.
५. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवा. खालचा खांदा हलकेच पुढे ओढून घ्या. कान दुमडला नाही ना बघा.
६. आता आपला तळहात माकडहाडाखाली घाला. हात मोकळा फिरला पाहिजे. हाड हाताला टेकलं तर उशी पुन्हा लावा.

सहावी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मग कागदावर ‘डावी कूस’ लिहिलेलं असतं आणि जखम मात्र तासभर गादीवरच टेकलेली असते.

टाचांचं वेगळं. पोटरीखाली लांबट उशी अशी ठेवा की टाच हवेत राहील, गुडघा किंचित वाकलेला राहील आणि भार पूर्ण पोटरीवर पसरेल. फक्त घोट्यामागे छोटी गुंडाळी ठेवली तर तिथल्या स्नायूबंधावर नवीन जखम होते. टाच आणि गादी यांच्यात एक कागद सरकवून बघा, अडकला तर टाच टेकते आहे. पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवू नका. मध्ये भोक असलेली रिंग किंवा ट्यूब माकडहाडाखाली नकोच: रिंगच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त उलट आणखी अडतं.

डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा उंच केली की शरीर हळूहळू पायाकडे घसरतं. कातडी चादरीला चिकटलेली राहते, हाड आतून खाली सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन पिळतात. नळीने अन्न देताना श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ३० ते ४५ अंश उंची लागतेच. तेव्हा आधी गुडघ्याखालचा भाग उचला, मग डोकं. अन्न दिल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला वेळ, साधारण तासभर, तसंच ठेवा आणि मग खाली आणा. उंची बदलल्यावर दर वेळी पाठीखाली हात घालून कातडी एकदा सुटी करून द्या. काही सेकंदांचं काम आहे, पण आतली ओढ त्यानेच सुटते.

खुर्चीवर बसणाऱ्याच्या नितंबांवर भार झोपण्यापेक्षा जास्त येतो. हातांत बळ असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलावं किंवा पुढे वाकून, एका बाजूला झुकून भार हलवावा, आणि त्या अवस्थेत एक-दोन मिनिटं थांबावं. दोन सेकंद उचलून काही साधत नाही, रक्त परत यायला वेळ लागतो. माकडहाडावर किंवा बसण्याच्या हाडांवर जखम असेल तर बसणं दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी तासाभराच्या आत, योग्य कुशन घालून.

लाल झालेल्या जागेवर तेल लावून मालिश करणं थांबवा. आत आधीच घायाळ झालेलं मांस चोळल्याने आणखी फाटतं.

गादी

ठरावीक मिनिटांनी आळीपाळीने फुगणारी-बसणारी एअर मॅट्रेस उपयोगी आहे, पण ती कूस बदलण्याची जागा घेत नाही. यंत्रावरचा आकडा रुग्णाच्या वजनानुसार लावा. खूप कडक केली तर ती साध्या गादीसारखीच वागते, खूप सैल केली तर हाड खालच्या पलंगाला टेकतं. तपासणी अशी: तळहात वर करून हवेची गादी आणि तिच्या खालची गादी यांच्यामध्ये, बरोबर माकडहाडाच्या खाली हात घाला. हाताच्या आणि हाडाच्या मध्ये निदान अडीच सेंटीमीटर फुगलेला थर जाणवला पाहिजे. गादीवर एकच सैल सुती चादर. त्यावर प्लास्टिक, दुपटं, जाड घोंगडी असे थर चढवले तर गादीचा फायदा बुजून जातो. वीज गेल्यावर गादी किती वेळ हवा धरते ते एकदा दिवसा करून बघा.

ओलावा

लघवी-शौचाने भिजलेली कातडी मऊ पडून थोड्याशा घासण्यानेही सुटते. लक्षात आल्याबरोबर कोमट पाण्याने आणि सौम्य, साबण नसलेल्या क्लीन्झरने धुवा, टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइड, पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोनचं क्रीम पातळ लावा. प्रत्येक वेळी क्रीम खरवडून काढायची गरज नाही, वरची घाण काढून पुन्हा थर द्या. पावडर नको; ती ओल धरून गोळे होते आणि घासते. ओलाव्याने सोललेली कातडी सहसा पसरट, उथळ, अस्पष्ट कडांची असते आणि नितंबांच्या घडीत असते. दाबाची जखम हाडावर असते आणि तिची कड स्पष्ट असते. दोन्ही एकत्रही असतात, पण उपाय वेगळे असल्याने ओळखायला शिकावं.

ड्रेसिंग

दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ३० ते ६० मिनिटं आधी द्या. हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर सलाईनने भिजवून सोडवा. ओढून काढलं तर नुकतीच आलेली नाजूक कातडीही बरोबर निघते. हातमोजे बदला.

धुण्यासाठी ०.९ टक्के नॉर्मल सलाईन. बाटली नसेल तर एक लिटर पाणी २० मिनिटं उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ (साधारण दीड सपाट चमचा, चहाचा) घाला, गार करा, झाकून ठेवा आणि २४ तासांत संपवा, उरलेलं ओतून द्या. कोमट करून वापरा, गार पाण्याने जखमेतलं तापमान उतरतं आणि पेशींचं काम मंदावतं. ३० ते ३५ मिलीची सिरिंज आणि १९ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) प्लास्टिक कॅन्युला, म्हणजे बारीक नळी (सुई काढून टाकलेली) लावून काही सेंटीमीटर अंतरावरून धार सोडा. एवढ्या धारेने सैल घाण निघते आणि चांगलं मांस दुखावत नाही. खोल पोकळीत नुसतं ओतू नका, आत गेलेलं पाणी बाहेर आलं पाहिजे.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, जंतुनाशक द्रव आणि रोजचं पोविडोन आयोडीन यांनी जंतूंबरोबर नवीन पेशीही मरतात. भरत असलेल्या स्वच्छ जखमेत यांचं काम नाही. संसर्ग असेल तर काही दिवसांसाठी डॉक्टर यातलं एखादं वापरायला सांगतील, तो भाग वेगळा.

धुतल्यावर जखम बघा, आधी नाही. हायड्रोकोलॉइड (ओल धरून जेल होणारं चिकट) ड्रेसिंगखाली पिवळट, वास येणारं जेल साचतं. पू समजून घाबरू नका, धुतल्यावरही वास आणि पू असेल तर ती खरी खूण.

आता वर काय लावायचं. पहिल्या टप्प्यावर काहीच लागत नाही, फक्त भार काढा. माकडहाडावर घर्षण थांबवायला फोमचा पॅड लावता येतो. उथळ आणि स्वच्छ दुसऱ्या टप्प्याला हायड्रोकोलॉइड किंवा फोम, जो सुटत नसेल तर तीन ते सात दिवस तसाच राहू द्यायचा. रोज उघडून बघण्याच्या हौसेने जखम गार होते आणि भरणं मागे पडतं. कोरड्या तळावर हायड्रोजेल (ओल देणारं जेल). जास्त स्राव असेल तर आल्जिनेट किंवा हायड्रोफायबर (दोन्ही स्राव शोषून घेणारी ड्रेसिंग), वर फोम. कोरड्या जखमेत आल्जिनेट घातलं तर ते चिकटून बसतं. पोकळी असेल तर ड्रेसिंगची पट्टी हलकेच घाला, आतल्या कडांना फक्त स्पर्श होईल एवढीच. कोंबून भरली तर तीच आतून दाब देते. गॉज वापरत असाल तर सलाईनने ओला करून, पिळून, एकच लांब पट्टी घाला आणि टोक बाहेर ठेवा. छोटे तुकडे आत राहून जातात. वरचं ड्रेसिंग जखमेच्या कडेपलीकडे निदान अडीच-तीन सेंटीमीटर जायला हवं. भोवतालची कातडी स्रावाने पांढरी, भिजलेली दिसली तर ड्रेसिंग लवकर बदला किंवा जास्त शोषणारं निवडा.

चांदी असलेलं ड्रेसिंग सर्वांसाठी नाही. संसर्गाची चिन्हं असतील तेव्हा साधारण दोन आठवडे, मग पुन्हा विचार.

मेलेलं मांस आणि संसर्ग

काळा किंवा पिवळा मेलेला थर राहिला तर जखम भरत नाही आणि त्याच्या खाली जंतू वाढतात. तो काढायचा कसा हे डॉक्टर ठरवतात: ब्लेडने, कोलॅजिनेजसारख्या एन्झाइमच्या मलमाने, किंवा ओल धरणाऱ्या ड्रेसिंगखाली हळूहळू विरघळवून. घरी कात्री लावू नका. एक अपवाद पाठ करून ठेवा. टाचेवरची काळी खपली कोरडी, घट्ट असेल, भोवती लाली-सूज नसेल आणि खाली पू हलत नसेल, तर तिला हात लावायचा नाही. ती शरीराचं नैसर्गिक झाकण आहे. कोरडी ठेवा, टाच हवेत ठेवा, रोज बघा.

संसर्ग ओळखायच्या खुणा: स्राव अचानक वाढणं, नवीन घाण वास, हात लावताच रक्ताळणारं मांस, वेदना वाढणं, कडेपलीकडे पसरत जाणारी लाली आणि उष्णता. ताप, थंडी, रक्तदाब खाली जाणं किंवा वृद्ध रुग्ण अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागणं म्हणजे जंतू रक्तात गेल्याची शंका. तासाभरात दवाखाना गाठायचा. मणक्याला मार बसून छातीखालचं संवेदन गेलेल्या रुग्णाला जखमेची वेदना कळत नाही. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल तर तीच जखम रक्तदाब एकदम वाढवू शकते: जोरात डोकेदुखी, चेहरा लाल, घाम. अशा वेळी त्याला ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा आणि लगेच मदत बोलवा.

उघड्या जखमेत जंतू असतातच, म्हणून वरवरचा स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून अँटिबायोटिक सुरू होत नाही. संसर्ग आजूबाजूला पसरला, रक्तात गेला किंवा हाडात गेला तरच ते लागतं. हाड हाताला लागत असेल किंवा नीट काळजी घेऊनही जखम अडून बसली असेल, तर हाडाच्या संसर्गासाठी एमआरआय करावं लागतं. सक्शनचं ड्रेसिंग, ज्याला व्हॅक म्हणतात, ते खोल आणि स्वच्छ जखमेला चांगलं. मेलेली खपली, उपचार न झालेला हाडाचा संसर्ग किंवा उघडी रक्तवाहिनी असताना लावत नाहीत.

पोषण

भरण्यासाठी शरीराला माल लागतो. दर किलो वजनामागे दिवसाला ३० ते ३५ किलोकॅलरी आणि १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं: ६० किलोच्या रुग्णाला १८०० ते २१०० किलोकॅलरी आणि ७५ ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिली दुधात सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे रोजच्या जेवणातून हे सहज पुरत नाही. थोडं-थोडं सहा वेळा द्या आणि गरज पडली तर प्रथिनांची पावडर आहारतज्ज्ञांना विचारून. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर प्रथिनं आणि पाणी दोन्हींचे आकडे डॉक्टरांकडूनच घ्या. साखर आटोक्यात नसेल, रक्त कमी असेल किंवा तंबाखू सुरू असेल तर तेही ठीक करावं लागतं.

भरते आहे की नाही

आठवड्यातून एकदा, त्याच स्थितीत झोपवून, मोजा: डोके-पाय दिशेने सर्वात मोठी लांबी, तिच्याशी काटकोनात रुंदी, निर्जंतुक कापसाच्या काडीने सर्वात जास्त खोली. कडेखाली पोकळी असेल तर घड्याळाच्या आकड्यांत लिहा, डोकं १२ वाजता धरून: ‘३ ते ५ वाजेपर्यंत, २ सेंटीमीटर’. फोटोत पट्टी दिसली पाहिजे. लाल, दाणेदार मांस तळातून वर येतं आणि कडेने गुलाबी कातडी आत सरकते, तेव्हा जखम योग्य दिशेने आहे. कड आत गुंडाळलेली, जाड दिसली तर ती अडकली आहे.

दोन आठवड्यांत काहीच सुधारणा नसेल तर ड्रेसिंग बदलण्याआधी दाब खरोखर निघतो आहे का, रात्री कूस बदलली जाते का, जेवण पुरतं आहे का, हे या क्रमाने तपासा. बहुतेक वेळा कारण पहिल्या दोनांतच सापडतं. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेची कड फुलकोबीसारखी वाढली तर तुकडा तपासून घ्या. क्वचित तिथे कॅन्सर होतो. आयुष्याचे शेवटचे दिवस असतील तर भरण्याचं ध्येय सोडून वेदना, वास आणि स्राव कमी करण्याकडे वळणं बरोबर आहे. तेव्हा वळवण्यानेच रुग्णाला फार त्रास होत असेल तर दर दोन तासांचा नियम सैल करा. वासासाठी मेट्रोनिडॅझोल जेल डॉक्टर लिहून देतात.

भरलेली चौथ्या टप्प्याची जखम पहिल्या टप्प्याची होत नाही. तिथे व्रण असतो आणि त्याची ताकद मूळ कातडीच्या जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत येते. त्यामुळे जखम बंद झाल्यावरही ती जागा कागदावर लाल पेनाने खूण करून ठेवा, त्या बाजूचा वेळ इतर बाजूंपेक्षा कमी ठेवा आणि तिथली तपासणी रोज दोनदा करा.